भारी काळ्या रानात हिरवं ॲस्परॅगस: ६० पैकी २२ मेली, आता २० गुंठे लावू का नको?

काळंरान_फलटण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं रान फलटण तालुक्यात, कॅनॉलच्या पट्ट्यात. काळं भारी, तीन फुटापर्यंत काळी माती आणि खाली चुनखडीचा मुरूम. आजोबांपासून ऊस, मधे कधी कांदा-गहू. पुण्यात हॉटेलांना भाजी पुरवणाऱ्या एका ओळखीच्यानं डोक्यात घातलं की हिरवं ॲस्परॅगस लाव, गिऱ्हाईक मी बघतो. म्हणून गेल्या जूनमध्ये घरामागच्या तुकड्यात ६० रोपं ट्रायलला लावली. उसासारखी सरी काढली, व्हिडिओत दाखवलं तसं सरीच्या तळाला, जमिनीपासून आठेक इंच खाली रोप, आणि वाढेल तशी माती ओढत गेलो. ऑगस्टमध्ये बघायला मजा यायची, शेपूच्या जुड्या उभ्या केल्यासारखं दिसायचं. सप्टेंबरात दोन दिवस झोडपून काढलं, सरीत पाणी तुंबलं, तिसऱ्या दिवशी मोटर लावून उपसलं. पंधरा दिवसांनी पिवळी पडायला लागली आणि दिवाळीपर्यंत २२ गेली. एक उपटून बघितलं तर मुळी तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा.

आता गंमत ऐका. ६० मधली ११ रोपं एका ओळीत आहेत, ती ओळ नेमकी जुन्या पाइपलाइनच्या चरावर आलीय, चर बुजवताना खालचा मुरूम वर आलेला. त्या ११ मधलं एक पण मेलं नाही. उरलेल्या ४९ मधली २२ गेली. म्हणजे हे भारी मातीचं पीकच नाही का? का माझं चुकलं?

माती रिपोर्ट: पीएच ८.१, ईसी (क्षाराचं प्रमाण) ०.६, सेंद्रिय कर्ब ०.५८, मुक्त चुनखडी ९ टक्के. २० गुंठे मोकळे आहेत, ठिबक आहे. कोण म्हणतं चार ट्रॉली वाळू टाक, कोण म्हणतं जिप्सम टाक. आबा म्हणतात शेपूसाठी ऊस मोडतोस होय रे.

उसाचापाव्हणा

आबांचं ऐका 😄 ऊस निदान पाण्यात उभा राहतो.

वऱ्हाडीमाणूस

हे आपली शतावरीच ना भाऊ? मी दोन वर्षं शतावरी केली अकोल्याकडं काळ्या रेगाटीत. येते लेकाची झकास, पन मुळ्या खोदाच्या टायमाले जीव गेला पाहा, डिसेंबरात माती अशी टनक की कुदळ टन्न करून वापस येते. अर्ध्या मुळ्या तुटून जमिनीतच राह्यल्या. तुमचं बरं आहे, तुमाले वरचे कोंब काढाचे.

गादीवाफा_जुन्नर

वऱ्हाडी भाऊ, भावंडं आहेत पण एक नाही. शतावरी म्हणजे रेसिमोसस, ती मुळीसाठी, वेलीसारखी चढते आणि काटे असतात. आमच्या डोंगरातली माणसं पावसाळ्यात तिचे कोवळे कोंब पण भाजीला आणतात, ते वेगळं. हॉटेलवाले मागतात ते ऑफिसिनॅलिस. आणि बुकेत घालतात ते तिसरंच, शोभेचं. रोपं घेताना हे बघाच, मी पहिल्या वर्षी एका नर्सरीतून ॲस्परॅगस म्हणून ५० रोपं आणली आणि वर्षभर खतपाणी केलं, शेवटी फुलवाल्या वहिनी घरी आल्या आणि म्हणाल्या अगं हे तर आमचं गुच्छातलं. खोडाला हात लावून बघा, खाण्याच्या जातीला काटा टोचत नाही.

आता फलटणच्या दादांसाठी. माझं ३० गुंठे आहे, मध्यम ते भारी काळी, पाचवं वर्ष. तुमचं पीक चुकलं नाही, सरी चुकली. भारी रानात सरीच्या तळाला रोप लावणं म्हणजे हौदात लावणं. ते व्हिडिओ वाळूच्या नाहीतर पोयट्याच्या रानातले असतात, तिथं सहा-आठ इंच खोल चालतं, वरून पाणी ओतलं तरी खाली निघून जातं. आपल्याकडं उलटं करायचं. गादीवाफा, वरून तीन-साडेतीन फूट रुंद, दीड फूट उंच (पहिल्या पावसात बसतो, फूटभर उरतो), आणि त्याच्या माथ्यावर रोप, गड्डा (मुळ्या आणि कोंब फुटतात तो बुडखा) जास्तीत जास्त चार इंच खाली. त्याच्या खाली नाही. दोन वाफ्यांच्या मधली चारी मात्र उतारानं रानाबाहेर काढायची, ती मधेच बांधाला अडकली तर सगळी मेहनत पाण्यात, आणि इथं हे खरोखर पाण्यात.

अंतर मी ५ फूट बाय दीड फूट ठेवलंय. तुमच्या २० गुंठ्याला साधारण २९०० रोपं बसतील, पण एकदम २९०० आणू नका, का ते पुढं सांगते.

भारी मातीचा दुसरा त्रास कोणी सांगत नाही तो म्हणजे वाकडे कोंब. वरची माती कडक झाली, ढेकळं असली, तर कोंब एका बाजूनं घासला जातो आणि त्याच बाजूला वळतो, अगदी बैलाच्या शिंगासारखा. चवीला काही फरक नाही, पण हॉटेलवाला बाजूला काढतो. मी वाफ्याच्या माथ्यावर वरचे तीन इंच माती ठेवतच नाही म्हटलं तरी चालेल, कुजलेलं शेणखत आणि पाचटाचा चुरा. कोंब खालून सरळ येतो. उन्हाळ्यात भेगा पण पडत नाहीत, भेग पडली की जाड मुळ्या ताणून तुटतात आणि तिथून कूज शिरते.

आणि आपल्याकडं थंडी नाही म्हणून ते दोन महिने तोडा मग बंद असं करत नाही आम्ही. प्रत्येक गड्ड्याला चार-पाच दांडे आई म्हणून वाढू द्यायचे, ते अन्न करतात, आणि नंतर येतील ते कोंब काढत राहायचे. तैवान-थायलंडकडची पद्धत. दोन-तीन महिन्यांनी आया पिवळ्या पडतात, मग तोडा थांबवून नवीन आया धरायच्या. पहिला हलका तोडा मी दहाव्या महिन्यात घेतला, तो पण तीनच आठवडे. हाव केली तर गड्डा रिकामा होतो.

काळंरान_फलटण

ताई खूप धन्यवाद, असं कोणी सांगितलंच नाही. म्हणजे वाळू नको? ट्रॉलीवाला दोनदा येऊन गेला. आणि २९०० एकदम का नको?

चुनखडी_आणि_मी

वाळूचं मी सांगतो, ॲग्री केलंय आणि माती हाच विषय होता. २० गुंठ्यात एक फूट खोलीपर्यंतची माती म्हणजे ढोबळ ६०० घनमीटर. चिकणमातीचा गुण बदलायचा तर तिच्या निम्म्याइतकी तरी वाळू लागेल, चार ट्रॉलीनं काय होणार? उलट थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती वाळली की वीट होते. ट्रॉलीवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

जिप्समचं जरा समजून घ्या, कारण दुकानात कोणी सांगत नाही. जिप्सम कामाचं असतं जिथं मातीत सोडियम चिकटून बसलाय, म्हणजे चोपण जमीन. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हटवतो आणि मग तो पाण्याबरोबर खाली जायला निचरा लागतोच, निचरा नसेल तर जिप्सम टाकून पण काही नाही. तुमचा पीएच ८.१ आणि चुनखडी ९ टक्के, हा आकडा मला चुनखडीचा वाटतो, सोडियमचा नाही. तरी विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) एकदा तपासून घ्या, १५ टक्क्यांच्या वर असेल तर बोलू. खाली असेल तर जिप्समचे पैसे शेणखतात घाला. ॲस्परॅगसला आम्ल जमीन सोसत नाही, ६ च्या खाली पीएच गेला की कुरकुरतं, ८ ला ते तेवढं नाराज नसतं. नवीन पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या अशी भानगड नाही समजणार यात, पानंच नाहीत (ते हिरवे तंतू म्हणजे पानं नव्हेत, बारीक फांद्या आहेत), पण नवीन वाढ सगळीच फिकट पिवळी दिसली तर लोह कमी पडतंय समजा, चुनखडीत हे होतं, फवारणीतून द्या.

खारेपणाला मात्र हे पीक दणकट आहे. भाज्यांमध्ये इतकं मीठ सोसणारी थोडीच. संपृक्त अर्काची (माती पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची) ईसी ४ च्या आसपास जाईपर्यंत उत्पादन फारसं पडत नाही, लहान रोपं नाजूक असतात ते सोडा. तुमचा ०.६ प्रयोगशाळेतला एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजलेला असणार, दोन्ही आकडे सरळ ताडून बघू नका, पण काळजीचं कारण नाही.

मेलेल्या रोपांचं वर्णन वाचून मुळी कुजवणारे रोग वाटतात, फायटोफ्थोरा नाहीतर फ्युजारियम, बहुतेक दोघं मिळून. हे मातीत असतातच, पाणी साचलं की फायटोफ्थोराला पोहायला रस्ता मिळतो आणि मुळीचा श्वास कोंडतो. औषध ओतून मेलेली मुळी जिवंत होत नाही. तुमच्या पाइपलाइनच्या ओळीनंच तुम्हाला उत्तर दिलंय. रान तेच, पाऊस तोच, खतं तीच, फक्त तिथं मुरूम मिसळल्यानं वाफसा (जादा पाणी निघून मुळीला हवा मिळते ती अवस्था) लवकर येतो. भारीपणा नडत नाही हो, वाफसा न येणं नडतं.

एक काम करा. २० गुंठ्यात तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या, वरच्या अंगाला, मधे, आणि खालच्या अंगाला. चौथा त्या पाइपलाइनपाशी. पाण्यानं भरा. पहिलं पाणी पटकन जाईल, त्यावर खूश होऊ नका, आत्ता फेब्रुवारीत भेगा उघड्या आहेत त्या पितात. काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा मिटतात, खरं रूप तेव्हा दिसतं. म्हणून जिरल्यावर लगेच परत भरा आणि दुसऱ्या पाण्याचं घड्याळ लावा.

गादीवाफा_जुन्नर

बरोबर, हे करूनच लावा. मी हे न करता लावलेलं आणि खालच्या अंगाचे सहा गुंठे तिसऱ्या वर्षी मोडले. आणि २९०० एकदम का नको, तर तोडा रोज असतो दादा. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. सकाळी पाच इंच दिसलेला कोंब संध्याकाळी हाताबाहेर गेलेला असतो. तुमच्याकडं एप्रिल-मेमध्ये ४० च्या पुढं जातं ना, तेव्हा कोंब उंच व्हायच्या आधीच शेंडा सुटतो, कणसासारखा फुलतो, की गेला तो. अशा वेळी मी आखूडच काढते, लांबीचा हट्ट नाही. काढला की सावलीत, बुडं थंड पाण्यात, आणि तासाभरात गार खोलीत. उन्हात क्रेट अर्धा तास राहिला तरी दुसऱ्या दिवशी बुडाकडून दोरा धरतो. तुमचा पुण्याचा माणूस आठवड्याला किती किलो घेणार हे तोंडी नको, दोन महिने प्रत्यक्ष घेऊन दाखवू दे मग वाढवा. माझा पहिला गिऱ्हाईक "जेवढं येईल तेवढं द्या" म्हणाला होता आणि तिसऱ्या आठवड्यापासून फोन उचलेना.

ग्रासवाले_वूस्टरशर

नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात वूस्टरशरमध्ये. शेतकरी नाही हो, कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेला भाजीचा तुकडा आहे, पण विषय दिसला आणि राहवलं नाही, कारण मी राहतो तो ईव्हशमचा पट्टा हिरव्या ॲस्परॅगससाठीच नावाजलेला आणि इथली माती कसली म्हणाल, भारी चिकणमाती! हिवाळ्यात फावडं मारलं की बूट तिथंच राहतो. आमच्या कृष्णाकाठची आठवण येते.

इथले जुने लोक ॲस्परॅगस म्हणतच नाहीत, "ग्रास" म्हणतात. पहिल्या वर्षी शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा म्हणाले थोडं ग्रास नेतोस का, मी म्हटलं नको, माझ्याकडं गाय नाही. अजून हसतात. मोजायची पण तऱ्हा, "हंड्रेड" म्हणजे १०० नाही, १२० कोंब. ब्रेटफर्टन गावात फ्लीस इन म्हणून जुनी खानावळ आहे, तिथं मे अखेरीला जुड्यांचा लिलाव होतो, बघायला गेलो होतो, एक जुडी आपल्याकडच्या गणपतीच्या लाडवासारखी चढत जाते.

मुद्दा असा की हिरवं आणि पांढरं यात फरक करा. पांढरं म्हणजे तेच पीक, फक्त गड्ड्यावर मातीचा फूटभर ढीग घालून उजेड न लागू देता काढलेलं. हॉलंडच्या लिंबुर्खात, जर्मनीत ते चालतं कारण तिथं वाळूची रानं आहेत, कोंब मऊ वाळूतून सरळ वर येतो. चिकणमातीचा ढीग घातला तर कोंब वाकडे, फुटलेले. हिरव्याला ढीग लागतच नाही, उन्हातच वाढायचं असतं, म्हणून भारी जमिनीवाल्यांनी हिरवंच करावं. व्हिडिओत "माती ओढत जा" दाखवतात ते बरेचदा पांढऱ्याचं असतं, तुमची गफलत तिथं झाली असेल.

मी नऊ इंच उंच वाफ्यावर १० गड्डे लावलेत, जर्सी नाइट नावाची जात, इथं चिकणमातीला तीच घे म्हणाले. सगळे नर असतात. मादीला लाल फळं धरतात, त्यात ताकद जाते आणि पडलेल्या बियांची रोपं तण होऊन बसतात. पण माझं वेळापत्रक उचलू नका, इथं गोठणारी थंडी असते, झाड आपोआप झोपतं, २३ एप्रिलच्या आसपास सुरू आणि २४ जूनच्या आत तोडा बंद.

गादीवाफा_जुन्नर

लाडवासारखी चढत जाते 😂 जातीचं, आपल्या गरम हवेला माझ्याकडं यूसी १५७ चाललीय, कॅलिफोर्नियाची. मेरी वॉशिंग्टन स्वस्त पडते पण त्यात मादी निम्मी. बी दोन दिवस भिजवून ट्रेमध्ये टाका, उगवायला तीन आठवडे घेते, घाबरून ट्रे ओतून देऊ नका, मी दिलाय एकदा.

काळंरान_फलटण

मंडळी, खड्डे घेतले. काल सकाळी ७ ला पहिलं पाणी, चारी ठिकाणी अर्ध्या तासात गायब, आबा म्हणाले बघ किती पितंय, मी म्हटलं थांबा. लगेच परत भरलं. पाइपलाइनपाशी तीन तासात कोरडं. वरच्या अंगाला रात्री ९ ला तळाशी ओल फक्त. मधला आज सकाळी चार इंच पाणी. आणि खालचा, आज संध्याकाळी ६ वाजता लिहितोय, ३४ तास झाले असतील, अजून निम्मा भरलेला आहे आणि त्यात बेडूक बसलाय. फोटो काढलाय पण अपलोड होत नाही.

म्हणजे आता?

चुनखडी_आणि_मी

बेडकानं शेरा दिला 😄 खालचं अंग चिबडच (पाणी धरून बसणारं) आहे, तिथं ॲस्परॅगसचं नाव काढू नका, बारा महिने ऊस करा, आबा पण खूश. वरच्या अंगाला गादीवाफ्यावर बिनधास्त. मधल्या पट्ट्यात आधी उताराची खोल चारी काढा, एक पावसाळा बघा, मग ठरवा. तुमच्याकडं खालून पाइप निचरा करणारे असतील तर विचारा, वाळवा-मिरजेकडं उसाच्या खारवट रानात बरेच जणांनी केलाय, पण खर्च मोठा, २० गुंठ्यासाठी एकट्यानं परवडत नाही, शेजारी तयार असले तरच. बाहेर पाणी सोडायला ओढा लागतो हे पण बघा.

काळंरान_फलटण

वरचं अंग म्हणजे साधारण ७-८ गुंठे निघतात. मग १००० रोपांचंच धरतो. आबांना "खाली ऊस" ऐकवलं, काही बोलले नाहीत, म्हणजे होकार. एक राहिलं, त्या वरच्या अंगाला हरळी आहे थोडी आणि बांधाकडं लव्हाळा.

गादीवाफा_जुन्नर

थोडी?? दादा, मग या जूनला लावूच नका. हे पीक आठ-दहा वर्षं एका जागी बसतं, एकदा गड्डे पसरले की मधे कुळव नाही, नांगर नाही, आणि हरळी गड्ड्यात शिरली की ती काढताना गड्डा निघतो. लव्हाळ्याची गाठ तर वाफ्याच्या मऊ शेणखतात नाचते. आत्ता खोल नांगरट करा, एप्रिल-मे ऊन खाऊ द्या, हरळीच्या काश्या वेचा, परत पाळी, परत वेचा. पावसाला धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करून गाडा. तोपर्यंत ट्रेमध्ये रोपं वाढवा, तीन महिने तशी लागतातच, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात वाफे बांधून लावा. भारी रानात पावसाळ्याच्या तोंडावर कोवळं रोप लावायचंच कशाला, पहिला पाऊस मोठ्या गड्ड्याला बघू दे. आणि पावसाळ्यात आया धरल्या की खोडावर लांबट तपकिरी चट्टे येतात का ते बघत राहा, दिसला दांडा की बुडापासून कापून रानाबाहेर नेऊन जाळायचा, वाफ्यात टाकायचा नाही.

वऱ्हाडीमाणूस

हरळी वेचाले मानसं भेटली तं आमच्याकडं पन पाठवा भाऊ.

काळंरान_फलटण

ऑक्टोबर पक्का. त्या ३८ जिवंत रोपांचं काय करू, उचलून वाफ्यावर नेऊ का तिथंच राहू दे?

गादीवाफा_जुन्नर

पाइपलाइनवरची ११ हलवू नका, सुखात आहेत. बाकीची २७ ऑक्टोबरात वाफे झाले की उकरा, मुळी पांढरी आणि टणक असेल तीच न्या, तपकिरी दिसली की बांधाच्या बाहेर, नाहीतर रोग स्वतःच्या हातानं नवीन रानात नेऊन लावाल. आणि त्या ११ ना तोपर्यंत दहा महिने होऊन गेलेले असतील, घरच्यापुरते कोंब काढा. तव्यावर तेल, लसूण, मीठ, तीन मिनिटं. आबांना सांगू नका काय आहे ते.